तू कुणाची?

खाडीकाठ, नोव्हा स्कोशिया
४ एप्रिल

प्रिय फेमीमावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि डेनीसला मध्ये घालून बोलायचं तर माझं अर्धं म्हणणं तीच गाळून टाकते, म्हणून हे पत्र. तुझी लेक आहे ती, रागावू नकोस, पण खरं आहे ते.

मी परत आले आहे. सुट्टीला नाही, कायमची. आईच्या मातीला आले होते तेव्हाच मनात बसलं होतं. टोरांटोच्या हॉटेलात इतकी वर्षं मी इटालियन रांधलं, फ्रेंच रांधलं, थाई रांधलं. एकदा मालकाने विचारलं, "तुम्हा इथल्या मूळच्या मिगमॉ लोकांचं काय असतं गं जेवण?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "काही विशेष नाही." घरी जाताना बसमध्ये मला स्वतःची इतकी लाज वाटली की उतरायचा थांबाच चुकला.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात बाहेरची माणसं हायवेवरून आपल्या फाट्यासमोरून भुर्रकन निघून जातात. मला त्यांना इथे उतरवायचंय. किनाऱ्यावर जाळ करायचा, वाळूत लुस्किनिगन, आपली भाकर, भाजायची, तिसऱ्या आणि शिंपल्या वाफवायच्या, वामाचा रस्सा करायचा. जेवणानंतर भूर्जाच्या सालीवर साळिंदराचे काटे ओवायला शिकवायचे. नाटक नाही, नाच नाही. आपण जे खातो ते खायला घालायचं, जे करतो ते दाखवायचं.

याला जागा एकच आहे, तुझ्या घरापुढची. तिथली वाळू कोरडी, बारीक, आणि भरतीच्या वर. घर बंदच आहे. मी झाडून-पुसून ठेवीन, खिडक्यांना रंग देईन. तू फक्त हो म्हण.

काट्यांचं काम मला अर्धवटच येतं. ते कोण शिकवणार, हे पुढच्या पत्रात. एका पत्रात सगळंच मागितलं तर तू हे पत्र डेनीसला चूल पेटवायला देशील.

तुझी,
क्लोटी


बॅन्गोर, मेन
१९ एप्रिल

क्लोटी,

नाही.

कागद महाग आहे म्हणून एवढंच लिहून पाठवणार होते, पण डेनीस म्हणाली पोरगी रडेल. तू रडणाऱ्यातली नाहीस, हे तिला कुठे माहीत.

तू परत आलीस, चांगलं केलंस. घरात राहायचं तर रहा, किल्ली शेजारच्या अल्फोन्सकडे आहे. छपराचा मागचा कोपरा गळतो. राहण्यासाठी घर तुझं. पण माझ्या दारापुढे बसेस उभ्या करायच्या आणि परक्यांनी आपल्याला घास घेताना बघायचं, ते माझ्या हयातीत होणार नाही. बघणारी माणसं कशी बघतात, ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. जास्त विचारू नकोस.

स्वयंपाक येतो तुला. गावात शाळेच्या स्वयंपाकघरात माणूस हवा असतो. तिथे विचार.

माझा खुबा बरा आहे. काठी घेऊन पोस्टापर्यंत जाते.

तुझी मावशी


खाडीकाठ
२ जून

प्रिय फेमीमावशी,

तू नाही म्हणालीस, मी ऐकलं. तुझ्या दारापुढे एक काडीही पेटवली नाही. पण थांबलेही नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. चर्चच्या खालची बाजू गावाची आहे, तिथे परवानगी काढली.

शनिवारी पहिले पाहुणे आले. ओटावाचं एक मास्तर जोडपं आणि त्या बाईची आई. अल्फोन्सने जाळ केला. मी भाकर वाळूत पुरली, छान गप्पा मारल्या, वेळ झाल्यावर उकरून काढली. मावशी, काय सांगू. बाहेरून कोळसा, आतून कच्चं पीठ, आणि वाळू अशी चिकटलेली की म्हातारीच्या दाताखाली करकर वाजलं. मास्तर मोठा सभ्य. म्हणाला, "फारच वेगळी चव आहे." अल्फोन्स मागे वळून इतका हसला की त्याची टोपी जाळात पडली.

मी त्यांना सरळ सांगितलं, "ही बिघडली. आमची भाकर अशी नसते. पुढच्या शनिवारी या, फुकट खाऊ घालते." ते शुक्रवारी विमानाने परत जाणार होते. म्हातारीने माझा हात धरला आणि म्हणाली, "शिंपल्या मात्र झकास होत्या हो."

आई करायची तेव्हा नुसती हाताने झटकली की वाळू गळून पडायची. मी काय चुकते, कळत नाही. विचारायला आई नाही. तुलाही विचारत नाहीये. फक्त कळवते. शनिवारी पुन्हा करणार, त्याच्या पुढच्या शनिवारीही.

तुझी,
क्लोटी


बॅन्गोर
१० जून

क्लोटी,

खडे खायला घालतेस होय गं पाहुण्यांना? तेही एका म्हातारीला?

हे परवानगीचं पत्र नाही. पण माझ्या बहिणीच्या लेकीने कच्ची भाकर वाढली हे चार गावांत पसरलं, तर लोक तुझं नाव घेणार नाहीत, माझं घेतील.

चर्चखालची वाळू जाड आहे आणि आतून ओली. वर कोरडी दिसते, बोटभर उकर म्हणजे कळेल. टेकाडाच्या पायथ्याशी जा, जिथे गवत सुरू होतं. लाकूड कुठलं घेतलंत? समुद्राने आणून टाकलेलं असणार, अल्फोन्स आळशीच आहे जन्माचा. त्या लाकडाचा जाळ उंच होतो आणि वाळू थंडच राहते. मेपल आण, नाहीतर भूर्ज. जाळ जेवणाच्या खूप आधी करायचा आणि गप्पा तेव्हाच मारायच्या. निखारे बाजूला ओढायचे, गरम वाळूत खळगा करायचा, गोळ्याला वरून कोरडं पीठ असं चोळायचं की तो पांढरा भुतासारखा दिसला पाहिजे. मग वाळू, मग निखारे. काडीने टोचून बघायचं नाही, तुझ्या आईला ती खोड होती. वरच्या वाळूला बारीक चीर पडते आणि वास येतो. वास आला की काढ.

लोण्याबरोबर काकवी ठेव. मुरंबा ठेवू नकोस, मुरंब्याने काहीही गोड लागतं, आपली चूक झाकली जाते.

तुझी मावशी

ताजा कलम: वामाचा रस्सा करताना तू कांदा आधी परततेस का? परतत असशील तर ते टोरांटो विसर.


खाडीकाठ
१ जुलै

प्रिय फेमीमावशी,

वाळू गळून पडली! नुसती थाप मारली आणि पडली. अल्फोन्सने एक अख्खी भाकर एकट्याने खाल्ली आणि वर म्हणतो, "फेमीला सांग, मी मेपल आणलं होतं." कांदा परतणं बंद केलं. तू जिंकलीस.

आता दर शनिवारी माणसं येतात. कधी चार, कधी बरीच. जर्मनीचं एक कुटुंब आलं होतं, त्यांच्या बापाने तिसऱ्या उकरताना कमरेपर्यंत चिखल केला आणि लहान पोरासारखा खूष झाला. बायका विचारतात, काट्यांचं काम कोण करतं? मी आईने केलेली ती छोटी डबी दाखवते, वर आठ टोकांची चांदणी आहे ना, ती. हातात घेऊन उलटसुलट बघतात. मग विचारतात, शिकवाल का? मी म्हणते, अजून नाही.

हॅलिफॅक्सच्या एका बसकंपनीशी बोलणं चालू आहे. सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस.

खुबा कसा आहे? मागच्या पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस.

तुझी,
क्लोटी


बॅन्गोर
८ जुलै

क्लोटी,

"सगळं ठीक आहे" हे तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं की ठीक नाही. तुझी आईही असंच लिहायची. अल्फोन्सच्या बायकोने डेनीसला फोन केला. तो बसवाला वेंडेल येऊन गेला, पिसांचे टोप घाला म्हणाला, आणि तू त्याला हाकललंस. आता बस येणार नाही. हे माझ्यापासून का लपवलंस? मी म्हणेन "बघ, मी सांगितलं होतं", म्हणून? म्हणणारच होते. पण टोप हा शब्द डेनीसने उच्चारला आणि मी ते म्हणायचं सोडून कागद शोधायला लागले.

आता नीट वाच, कारण हे मी परत लिहिणार नाही.

तुझी आजी, माझी आई, मेरी हॅरिएट. तू तिला पाहिलं नाहीस. टेकडीवर पूर्वी एक मोठं हॉटेल होतं, जळालं ते. आई आधी टोपल्या घेऊन तिथल्या मागच्या दाराशी जायची. मग मॅनेजर म्हणाला, तू पुढच्या व्हरांड्यात बसून वीण, पाहुण्यांना मौज वाटेल. तिला दूर पश्चिमेकडच्या लोकांसारखा पिसांचा टोप घातला. आपल्यात तो कधी कुणी घातला नव्हता. ती टोप घालून बसायची आणि आम्ही दोघी बहिणी पायरीवर. माणसं यायची, काठीने टोपली हलवून बघायची, फोटो काढायची. कित्येक उन्हाळे. तेच पाहुणे दरवर्षी परत यायचे, आईच्या हातातली टोपलीसाठीच्या अ‍ॅश लाकडाच्या पट्ट्यांची जुडी ओळखायचे, पण आईला ओळखायचे नाहीत. एकाने, एकानेही कधी विचारलं नाही, "बाई, तुझं नाव काय?"

घरी आल्यावर आई टोप खुंटीला लावायची आणि हात धुवायची. बराच वेळ धुवायची. मी टोपल्या विणायला कधी शिकले नाही ते त्यामुळे. मी काट्यांचं काम धरलं, ते आतल्या खोलीत बसून करता येतं.

तुझ्या आईने तुला हे सांगितलं नाही, कारण तिला विसरायचं होतं. मला विसरता आलं नाही. बस्स.

आता तू एवढा धंदा सोडून टोप नाकारलास. मी दोन दिवस विचार केला. माझा किनारा घे. चर्चखाली ओल्या वाळूत मरू नकोस.

एकच अट. जाळाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि आपण कुणाचे ते सांगायचं. आपल्यात कुणी नवं आलं की विचारतात तसं: तू कुणाची? आणि तू आधी सांगायचंस, आजीच्या नावासकट. ज्याला नाव सांगायचं नाही त्याने शिंपल्या खायला दुसरीकडे जावं. यात सवलत नाही.

तुझी मावशी


खाडीकाठ
२९ जुलै

प्रिय फेमीमावशी,

तुझं पत्र घेऊन मी खडकावर बसले होते, भरती पायाला लागली तरी उठले नाही. आजीचं नाव मला नुसतं थडग्यावरच्या दगडावरून माहीत होतं.

लपवलं, चुकलं. खरं काय झालं ते आता सांगते. वेंडेल माणूस वाईट नाही. गोड बोलतो, बूट चकचकीत. म्हणाला, "क्लोटिल्ड, जेवण उत्तम आहे. पण लोकांना फोटो हवा असतो. जरा पिसं, जरा ढोल. आणि वेळ अर्धा करा, त्यांना पुढे दीपगृह बघायचंय."

मी म्हटलं, "भाकर अर्ध्या वेळात भाजत नाही."

"आधी भाजून ठेवा ना."

"मग ते वाळू उकरताना काय बघतील?"

"तुम्ही उकरल्यासारखं करा."

तेव्हा मी म्हटलं, "वेंडेल, तुमच्या आजीला मी झगा घालून चौकात बसवलं आणि चहा ओतल्यासारखं कर म्हटलं, तर तुम्ही मला काय म्हणाल?" तो लाल झाला. हाकललं नाही मी, अल्फोन्सची बायको तिखटमीठ लावते. तो स्वतः गेला. मी फक्त गाडीपर्यंत पोचवायला गेले नाही.

सेंट अ‍ॅनच्या सणानंतरच्या शनिवारी तुझ्या दारापुढे पहिला जाळ केला. खिडक्या पिवळ्या रंगवल्या आहेत, ओरडू नकोस, दुकानात तोच रंग होता. छपराचा कोपरा अल्फोन्सने बंद केला. सगळे बसले, आणि मी म्हटलं, "मी क्लोटिल्ड. अ‍ॅनीची मुलगी, मेरी हॅरिएटची नात." मग सगळ्यांनी सांगितलं. एक उंच, आखडू माणूस, वकील असावा, म्हणाला, "याची काय गरज?" मी शिंपल्यांचं पातेलं माझ्याकडे ओढून घेतलं आणि नुसती बघत राहिले. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मग तो म्हणाला, "मी हॅरल्ड. बिआट्रिसचा मुलगा." आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "ती पाव फार छान करायची."

मावशी, आता ते दुसरं. काट्यांचं काम. आईने मला ओवायला शिकवलं, पण रंगवायला आणि चांदणीचा मध्य धरायला नाही. या किनाऱ्यावर ते पूर्ण येणारी तू एकटी उरलीस. तू ये. एका महिन्यासाठी ये. आतल्या खोलीत नाही, बाहेर, जाळाजवळ.

तुझी,
क्लोटी


खाडीकाठ
२० ऑगस्ट

प्रिय फेमीमावशी,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. डेनीस फोनवर "ती विश्रांती घेतेय" एवढंच म्हणते. मी फार मागितलं का? जी बाई आयुष्यभर आतल्या खोलीत बसून काम करत आली, तिला मी लोकांपुढे बसायला बोलावलं, तेही तू हॉटेलचं सांगितल्यावर लगेच. आता वाटतं, मी ते पत्र नीट वाचलंच नाही.

तुला यायचं नसेल तर नको येऊस. पण शिव्या देणारं का होईना, एक पत्र पाठव.

शनिवार चालू आहेत. ते थांबणार नाहीत.

क्लोटी


बॅन्गोर
३० ऑगस्ट

क्लोटी,

रागावले नव्हते. हॉस्पिटलात होते. खुबा हिवाळ्यापासूनच बिघडला होता, पुन्हा कापून नवा बसवला. पोस्टापर्यंत जाते हे खोटं होतं, पत्रं डेनीस टाकायची. तिला मी दम दिला होता, क्लोटीला सांगितलंस तर माझ्या हातचं जेवायला मिळणार नाही. तुला कळलं असतं तर तू जाळ विझवून इथे येऊन बसली असतीस. मला ते नको होतं.

आता तिथे काय झालं ते ऐक. माझ्या शेजारच्या खाटेवर एक लॉरेन नावाची बाई होती. मेनचीच, गोरी, माझ्याहून म्हातारी, तोंडाने फटकळ. आम्हा दोघींना तिथल्या मुली चालायला शिकवायच्या आणि आम्ही दोघी त्यांना शिव्या द्यायचो, तिथे मैत्री झाली. कंटाळा आला म्हणून मी डेनीसकडून माझी साल, आरी आणि काटे मागवले. पाण्यात काटे भिजत घातले आणि ओवायला बसले. लॉरेन बघत होती. मला वाटलं, झालं, आता ही बघत बसणार.

ती म्हणाली, "तुझं नाव ते लोक युफेमिया म्हणतात. तुझी आई काय म्हणायची?"

मी म्हटलं, "फेमी."

"मग फेमी, ते टोक आत कसं वळवलंस? मला दिसलं नाही. इकडे वळ जरा."

मी वळले. माझं आख्खं आयुष्य गेलं, कुणाकडे पाठ करून काम करण्यात, आणि एका फटकळ म्हातारीने वळ म्हटल्यावर मी वळले. नंतर एक नर्स आली, मग झाडणारा माणूस आला. लॉरेनने स्वतः एक ओळ ओवली, वाकडीतिकडी. तिच्या बोटात काटा घुसला तर तिने जी शिवी दिली ती मी सत्तरीतही पहिल्यांदा ऐकली. तुला भेटल्यावर सांगेन.

भेटल्यावर म्हणजे सप्टेंबरात. डेनीस म्हणते, वेडी आहेस, चालता येत नाही. मी म्हटलं, खुर्चीवर बसता येतं ना. मला घ्यायला ये, आणि येताना रस्त्याच्या कडेला मेलेलं साळिंदर दिसलं तर गाडी थांबव. हातमोजे विसरू नकोस.

पिवळा रंग?

तुझी मावशी


खाडीकाठ
१४ ऑक्टोबर

क्लोटी,

तू टोरांटोची खोली रिकामी करायला गेलीस आणि जाताना म्हणालीस, शेवटचा शनिवार रद्द कर, तुला एकटीला झेपणार नाही. मी "बरं" म्हटलं. रद्द केला नाही. महिनाभर मला खुर्चीत बसवून "मावशी, हे उचलू नको, मावशी, ते उचलू नको" केलंस, तेव्हा मला जरा मोकळं व्हायचं होतं.

अल्फोन्सने जाळ केला, त्याच्या बायकोने शिंपल्या केल्या, भाकर मी. सात-आठ माणसं होती. मी सुरुवात केली, फेमी, मेरी हॅरिएटची मुलगी. मग एकेकाने सांगितलं. हिरव्या जाकिटातली एक बाई होती, साठीच्या आसपास. तिची पाळी आली. ती म्हणाली, "जोन." आणि थांबली.

मी विचारलं, "कुणाची?"

मला ऐकू येत नाही ना, वाटलं बोलली असेल. मोठ्याने विचारलं, "अगं, तू कुणाची?" तिने हातातला भाकरीचा तुकडा अलगद खाली ठेवला, उठली, आणि सरळ पाण्याकडे चालत गेली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. अल्फोन्स म्हणाला, "जाऊ दे, असतात काही माणसं." पण मी तिची चाल बघत होते. ती रागाची चाल नव्हती. मी वॉकर घेतला आणि निघाले. वाळूत त्या वॉकरचं काय होतं ते तुला माहीत आहे. चार पावलांवर तो रुतला आणि मी तिथेच लटकले. मी ओरडले, "ए जोन! मी पडले तर पुन्हा तोच खुबा मोडेल! ये, धर मला!"

ती धावत आली. तिने मला धरलं आणि मी तिला, तशाच उभ्या होतो. तिने सांगितलं. तान्ही असताना तिला याच प्रांतातून नेलं, आईच्या कुशीतून, आणि ओंटारियोत एका शेतकऱ्याच्या घरी दिलं. आई मिगमॉ होती, एवढंच त्या लोकांनी तिला सांगितलं. नाव नाही, गाव नाही. माणसं चांगली होती, म्हणाली. पण तिचे केस विंचरताना तिथली आई गप्प व्हायची.

मी विचारलं, "मग गावात येऊन कुणाला विचारलं का नाहीस?"

ती म्हणाली, "दर शरद ऋतूत येते. आपल्या लोकांच्या गावागावांतून फिरते, टोपल्या विकत घेते. पण विचारायचं काय आणि कुणाला? म्हणून तिकीट काढून येते. तिकीट काढलं की कुणी 'तू इथे कशाला' म्हणत नाही."

क्लोटी, तो प्रश्न मी लादलेला. माझ्या आईला कुणी विचारला नाही म्हणून मी सगळ्यांना विचारायला लावला, आणि तो जाऊन लागला कुणाला, तर आपल्याच पोरीला. आपल्या घराघरांतून सरकारने अशी मुलं नेली, आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आणि ती परत येतील तेव्हा बसमधून, पाहुणी होऊन येतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, "उत्तर नसेल तर नसू दे. आज माझ्या शेजारी बस. कुणी विचारलं तर सांग, फेमीच्या शेजारी बसते ती."

ती बसली. मी तिच्यापुढे नवी भाकर फोडली, काकवी घातली. बाकीची माणसं मोठी शहाणी निघाली, कुणी एक शब्द विचारला नाही, फोटो काढला नाही. एका तरुण बाईने उठून सगळ्यांना चहा ओतला. जोनने खाल्लं आणि म्हणाली, "हे मी कधी खाल्लं नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आठवावं असं वाटत होतं. नाही आठवलं." खरं बोलणारी आहे, मला आवडली.

गावाबाहेरच्या मोटेलात उतरलीय. सोमवारी परत जाणार होती. गेली नाही.

तुझी मावशी


टोरांटो
२३ ऑक्टोबर

प्रिय फेमीमावशी,

पत्र वाचून मी खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसले. रद्द केला नाहीस याबद्दल भांडायचं ठरवलं होतं, ते राहिलं.

तो प्रश्न आपण बंद करूया का? पुढच्या वर्षी अजून कुणी तशी आली तर? मला आठवतं तेवढ्यात, जुलैमध्ये एक पोरगी होती, नाव सांगून लगेच हसली आणि विषय बदलला. मी लक्ष दिलं नव्हतं. आता ती डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि एक. वेंडेलचा फोन आला. म्हणाला, टोप नको, ढोल नको, अख्खी दुपार देतो, पण हॅरल्ड नावाचा कुणी वकील सगळीकडे तुमच्याबद्दल सांगत सुटलाय, तेव्हा बोलूया का? मी म्हटलं, मावशीला विचारून सांगते. तू सांग.

जोनला माझी खोली दे. मोटेलात थंडीची कशाला राहते?

तुझी,
क्लोटी


खाडीकाठ
९ नोव्हेंबर

क्लोटी,

वेंडेलला ये म्हणावं. पण पहिल्यांदा एकटं, बस न घेता. जाळाजवळ बसू दे, नाव सांगू दे, तिसऱ्या उकरू दे. ते चकचकीत बूट काढून.

खोली जोनला तू सांगायच्या आधीच दिली. डेनीसला कळवलंय, माझे लोकरीचे कपडे पाठव, हिवाळा मी इथे काढणार. ती फोनवर ओरडली असावी. मला ऐकू आलं नाही.

प्रश्न बंद करायचा नाही. आपल्या माणसांना शोधायला आपल्याकडे दुसरं काय आहे? मी त्यावर पुष्कळ विचार केला. बदल एवढाच करू: आधी भाकर, मग प्रश्न. आणि एकेकीच्या शेजारी बसून, कानात, सगळ्यांपुढे नाही. ज्याला उत्तर नाही त्याने आपल्याला सांगावं, आणि ते शोधायचं काम मग त्याचं एकट्याचं नाही, आपलं. पुढच्या उन्हाळ्यात तू दाराशी हे स्वतः सांगायचंस, आपल्या भाषेत आणि त्यांच्या भाषेत.

मी पत्रं लिहिली. खाडीच्या पलीकडे, केप ब्रेटनला, ट्रुरोजवळ, जितक्या म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत तितक्यांना. त्यातल्या तिघी दोन आठवड्यांपूर्वी आल्या. जोन स्वयंपाकघरात उभी, हात एप्रनमध्ये गुंडाळलेले. त्यातल्या ऑलिव्हने तिला खिडकीजवळ नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तिघी आपसात कुजबुजल्या. मग ऑलिव्ह म्हणाली, तिच्या बापाच्या गावी एक लुसी होती, तिची मुलगी दवाखान्यातून घरी आलीच नाही. कान असेच होते लुसीचे. पण कानावरून काही ठरत नाही, हेही तिनेच सांगितलं. लुसी गेली. तिचा एक भाऊ आहे, न्यू ब्रन्सविकात, आजारी. बर्फ पडायच्या आत आम्ही जाऊन येणार. तो तिचा मामा असेल किंवा नसेल. जोनला मी हेही सांगितलं की कदाचित कधीच कळणार नाही. ती म्हणाली, "मग तोवर काय करू?"

मी तिला साल, आरी आणि काट्यांचं भांडं दिलं.

दहा दिवस शिकतेय. हात जड आहे, पण चिकाटी आहे. काल तिने चांदणीची पहिली बाजू पुरी केली आणि मला दाखवायला आणली. मध्य सरकला होता. मी म्हटलं, काढ. सगळे काटे काढायला लावले. तिने साल पुन्हा पाण्यात भिजत घातली, काटे रंगाप्रमाणे निवडून ठेवले आणि मला विचारलं, उद्या किती वाजता बसायचं?

मी म्हटलं, चहा झाला की.

तुझी मावशी